जुना कॉम्प्युटर देऊन टाकण्याआधी: हार्ड डिस्क खरोखर कोरी कशी करायची

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे कॉम्प्युटर तेव्हापासून ऑफिसांतून, क्लासेसमधून, दवाखान्यांतून आणि घरांतून बाहेर पडायला लागले आहेत. कुणी एक्स्चेंजमध्ये देतं, कुणी ओएलएक्सवर टाकतं, कुणी गावाकडच्या शाळेला देतं, उरलेले भंगारात जातात. देताना बहुतेक जण फाइली डिलीट करून रीसायकल बिन रिकामं करतात. जरा जाणकार असला तर क्विक फॉरमॅट मारतो. या दोन्हींनी डेटा जात नाही.

डिलीट केल्यावर विंडोज फक्त नोंदवहीत लिहितं, की ही जागा आता मोकळी समजा. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं पीक नाहीसं होत नाही, तसंच हे. क्विक फॉरमॅट तर जुनी नोंदवही बाजूला ठेवून नवी उघडतं, एवढंच. फाइल परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरला नोंदवहीची गरजच नसते. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. पीडीएफ घ्या: तिचे पहिले चार बाइट हेक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सोळा अंकी मोजणीत, २५ ५० ४४ ४६ असेच असतात. फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर डिस्क सेक्टरमागून सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचत जातं, हे चार आकडे दिसले की तिथून पुढची फाइल उचलतं. फॉर्म १६, आधारचं स्कॅन, पासबुकाची पानं, सगळं पीडीएफच असतं.

सिम्सन गार्फिंकल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी अमेरिकेत १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे नंबर होते, वैद्यकीय नोंदी होत्या, खासगी पत्रं होती. तेव्हापासून साधनं सोपी झाली, सवयी फारशा बदललेल्या दिसत नाहीत.

पुसण्याआधी काय काढून घ्यायचं

इथे घाई करू नका, कारण पुढे जे करायचंय ते परत फिरवता येत नाही.

डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह सगळ्यांनाच आठवतात. विसरतात ते असं: आउटलुकचे ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, स्कॅनरने स्वतःच्याच कुठल्यातरी फोल्डरमध्ये ठेवलेली स्कॅन. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करा, म्हणजे नव्यावर चालू करताना अडत नाही. मराठी ऑफिसांमध्ये आणखी एक भानगड असते. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या डीव्हीबी-टीटी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं आणि ठराव फॉन्टशिवाय उघडले की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फाइली घेताना फॉन्टही घ्या, जमल्यास त्या फाइलींची पीडीएफ करून ठेवा.

धंदा असेल तर कायद्याने ठेवायचे हिशेब आधी बघा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उघडून बघा. फोल्डर दिसला म्हणजे फाइल उघडेलच असं नाही.

आधी डिस्कची जात ओळखा

सगळी मेख इथे आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क (एचडीडी) आणि चिपवर डेटा ठेवणारी एसएसडी या दोन्हींना पुसायची रीत वेगळी. नेटवर सापडणारे निम्मे सल्ले एकीचा उपाय दुसरीला लावतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. डाव्या बाजूला डिस्क ० च्या खाली एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं दिसेल. डिस्क १ सुद्धा आहे का ते पाहा. काही वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोजसाठी छोटी एसएसडी आणि फाइलींसाठी १ टीबीची हार्ड डिस्क अशी जोडी असते. एक पुसून दुसरी तशीच देऊन टाकणारे लोक आहेत. दोन्हींचे मॉडेल नंबर आणि आकार कागदावर लिहून घ्या, थोड्या वेळाने लागतील.

फिरती हार्ड डिस्क

इथे काम सरळ आहे. डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर एकदा शून्य लिहायचं.

एकदा म्हणजे एकदाच. ३५ वेळा लिहावं लागतं ही समजूत पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आली. तो निबंध त्या काळच्या आणि त्याआधीच्या एन्कोडिंगच्या डिस्कबद्दल होता. आजच्या डिस्कवर ३५ फेऱ्यांना काही अर्थ नाही, असं पुढे खुद्द गुटमन यांनीच लिहिलं. तीन फेऱ्यांची पद्धत अमेरिकन संरक्षण खात्याच्या नावाने सॉफ्टवेअरमध्ये अजून दिसते. अमेरिकेच्याच एनआयएसटी या मानकसंस्थेची २०१४ ची मार्गदर्शिका मात्र म्हणते, की घरी किंवा प्रयोगशाळेत डेटा परत मिळू नये यासाठी अशा डिस्कवर एक फेरी पुरते. तीन फेऱ्यांमध्ये घालवायचा वेळ एका फेरीत आणि तपासणीत घालवा.

पद्धत पहिली, दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवरून. जुनी डिस्क काढा आणि साटा-टू-यूएसबी केबलने जोडा. ही केबल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. साडेतीन इंची डिस्कला वेगळा वीजपुरवठा लागतो, म्हणून ॲडॉप्टरसकट घ्या. आज्ञा खाली देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

१. बाकीचे सगळे पेन ड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवा. बॅकअपची डिस्क तर पहिली काढा.
२. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिस्कपार्ट टाइप करा.
३. लिस्ट डिस्क. क्रमांक आणि आकार दिसतील. १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी दिसते, घाबरू नका.
४. सिलेक्ट डिस्क १, किंवा जो क्रमांक तुमचा असेल तो.
५. डिटेल डिस्क. वर दिसणारं नाव आणि आकार कागदावरच्याशी जुळवा. केबलमधून काही वेळा डिस्कऐवजी केबलचंच नाव दिसतं, तेव्हा आकारावर आणि विभागांच्या नावांवर भिस्त ठेवा. जुळलं नाही तर इथेच थांबा.
६. क्लीन ऑल. एंटर.

यातला ‘ऑल’ विसरलात तर फक्त विभागांची नोंद उडते आणि डेटा जागच्या जागी राहतो. काम दोन सेकंदांत संपलं तर ओळखा, की ‘ऑल’ राहिलं. खरं क्लीन ऑल तासन् तास चालतं. सेकंदाला सरासरी १५० एमबीचा वेग धरला तरी १ टीबीला दोन तासांच्या आसपास लागतात, जुन्या यूएसबी २.० पोर्टवर तर आठ तासांचीही तयारी ठेवा. स्क्रीनवर टक्केवारी वगैरे काही येत नाही, नुसता कर्सर लुकलुकत बसतो. अडकलं असं समजून बंद करू नका. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करून रात्री लावून द्या.

पद्धत दुसरी, डिस्क न काढता. श्रेडओएस नावाची छोटी प्रणाली पेन ड्राइव्हवर चढवायची आणि त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा. आत एनवाइप हे साधन आपोआप उघडतं. बूटच होत नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद करून पाहा. बाणांनी डिस्कवर जा, स्पेसबारने निवडा, एम दाबून पद्धतीत झीरो फिल घ्या, मग शिफ्ट धरून एस. इथे टक्केवारी दिसते, किती वेळ उरला ते दिसतं, आणि शेवटी लिहिलेलं परत वाचून पडताळणीही होते. चार-पाच मशीन एकदम असतील तर मी हीच पद्धत सुचवेन. डीबॅन हे नाव अजूनही सगळीकडे सापडतं. तेही फिरत्या डिस्कवर चालतं, पण २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही आणि नव्या मशीनवर ते बरेचदा सुरूच होत नाही.

कॉम्प्युटर देऊन टाकायचा नाही, फक्त आधी डिलीट केलेलं पुसायचं आहे, तर विंडोजमध्येच सायफर नावाची आज्ञा आहे. सायफर, एक जागा सोडून तिरकी रेघ (/), डब्ल्यू, कोलन आणि ड्राइव्हचं अक्षर. ती मोकळ्या जागेवर आधी शून्यं, मग एफएफ, मग स्वैर आकडे लिहिते. चालू फाइलींना धक्का लागत नाही. एसएसडीवर हिच्यावर विसंबू नका.

खराब सेक्टरचं दुखणं वेगळं. डिस्क एखादा सेक्टर बिघडत चालला असं पाहून त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरायला लागते. मूळ सेक्टरपर्यंत मग आपली शून्यं पोहोचतच नाहीत आणि तिथे जुन्या डेटाचा तुकडा राहू शकतो. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये रीॲलोकेटेड सेक्टर्स काउंट बघा. तिथला आकडा शून्य नसेल आणि डिस्कवर खरंच नाजूक माहिती असेल, तर ती विकायच्या भानगडीत पडू नका. फोडा.

एसएसडी

एसएसडीवर वरून शून्यं लिहिणं म्हणजे अर्धवट काम. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच लिहिता येतो. म्हणून आतला कंट्रोलर (डिस्कचा कारभार बघणारी चिप) झीज सगळीकडे सारखी वाटून देत राहतो. तुम्ही ‘त्याच’ जागी लिहायला सांगितलं तरी तो दुसऱ्याच मोकळ्या जागी लिहितो आणि जुनी जागा सवडीने साफ करतो. शिवाय विंडोजला न दिसणारी राखीव जागाही असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे चिप थेट वाचून तपासलं. एकेक फाइल पुसायच्या ज्या पद्धती फिरत्या डिस्कसाठी बनल्या होत्या त्या एसएसडीवर कुचकामी ठरल्या. पूर्ण डिस्कवर दोनदा लिहूनही बहुतेक वेळा भागलं, नेहमी नाही. डिस्कच्या आतच असलेली पुसण्याची आज्ञा सर्वांत चांगली ठरली, पण काही कंपन्यांनी तीसुद्धा चुकीची बसवली होती. म्हणून मी दोन थर सांगतो.

पहिला थर एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा करून ठेवण्याचा. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होममध्ये बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांना व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. बिटलॉकर विचारतो, फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की पूर्ण ड्राइव्ह? पूर्ण ड्राइव्ह निवडा. नाहीतर आधी डिलीट केलेल्या फाइली जिथे पडून आहेत ती ‘मोकळी’ जागा तशीच उघडी राहते. एन्क्रिप्ट झालेल्या डिस्कवरची किल्ली गेली की उरतो तो नुसता कचरा. नव्या मशीनवर हे पहिल्याच दिवशी चालू करा. वर्षानुवर्षं उघडा लिहिलेला डेटा शेवटच्या दिवशी एन्क्रिप्ट केला, तर जुन्या प्रती राखीव जागेत राहून गेलेल्या असू शकतात. त्यासाठी दुसरा थर.

दुसरा थर डिस्कच्या स्वतःच्या आज्ञेचा. साटा जोडणीच्या एसएसडीत तिला सिक्युअर इरेज म्हणतात, नव्या एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीत फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ. ही आज्ञा कंट्रोलरलाच जाते, त्यामुळे ती राखीव जागेपर्यंतही पोहोचणं अपेक्षित असतं. ती देण्याचा सोपा रस्ता आधी शोधा: मशीनचं बायोस. डेलमध्ये डेटा वाइप, एचपीच्या ऑफिसच्या मॉडेलमध्ये सिक्युअर इरेज अशा नावाने ती बरेचदा तिथेच असते. नसेल तर एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या. सॅमसंगचं मॅजिशियन त्यासाठी बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवून देतं, क्रूशलच्या स्टोरेज एक्झिक्युटिव्हमध्ये सॅनिटाइझचा पर्याय आहे. काही वेळा डिस्क ‘फ्रोझन’ आहे असा संदेश येतो. ती बिघडलेली नसते, बायोसने सुरुवातीलाच आज्ञा रोखलेली असते. कॉम्प्युटर स्लीपमध्ये टाकून परत जागा केला की बहुतेक वेळा सुटते. यूएसबी केबलमधून सिक्युअर इरेज देऊ नका. मधला ॲडॉप्टर आज्ञा नीट पोहोचवेल याची खात्री नसते आणि अर्ध्यात अडकलेली डिस्क पासवर्डने कुलूपबंद होऊन बसते. सिक्युअर इरेजचं काम मात्र झटक्यात होतं, कित्येकदा मिनिटभरात.

यातलं काहीच जमत नसेल तर बिटलॉकर पूर्ण चालू करून विंडोजचं रीसेट वापरा: रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, मग चेंज सेटिंग्जमध्ये जाऊन क्लीन डेटा चालू करायचं. हे बटण आपोआप चालू नसतं आणि बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत. घरच्या लॅपटॉपसाठी एवढं पुरेसं आहे, दवाखान्याच्या मशीनसाठी मी एवढ्यावर थांबणार नाही.

मॅकवाल्यांना कमी कष्ट. २०१८ पासूनच्या टी२ चिपच्या आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मशीनमध्ये डिस्क मुळातच एन्क्रिप्टेड असते. मॉन्टेरे किंवा पुढची प्रणाली असेल तर इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज दाबा, किल्ली नष्ट होते आणि काम संपतं.

जिथे डिस्क आहे हे लक्षातच येत नाही

सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर. त्यातली डिस्क विंडोजला जोडली तर ‘नॉट इनिशियलाइझ्ड’ असं येतं आणि लोक ती कोरी समजतात. डीव्हीआरची फाइल मांडण्याची पद्धत विंडोजला कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चित्रण आत शाबूत असतं. तिलाही क्लीन ऑल.

मोठी झेरॉक्स मशीन. स्कॅन, प्रिंट, कॉपी सगळं करणाऱ्या ऑफिसच्या मशीनमध्ये बरेचदा हार्ड डिस्क असते आणि कागदांच्या प्रतिमा तिच्यात साठतात. न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅनने भाड्याच्या कॉपियर मशीन डिस्क न पुसता परत केल्या. २०१३ मध्ये त्यांना १२ लाख डॉलरहून जास्त भरावे लागले. मशीन परत करताना भाडेकराराच्या कंपनीकडून डिस्क पुसल्याचं लेखी घ्या, किंवा डिस्कच काढून ठेवायची अट करारात घाला.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डही फ्लॅशच, पण त्यांना पुसायची आतली आज्ञा बहुधा नसते. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी डोकं खपवू नका, पक्कडीने चिप तोडा.

खात्री करून घ्या

हे लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि लागतात जेमतेम दहा मिनिटं. एचएक्सडी हे फुकट सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. टूल्समध्ये ओपन डिस्क, त्यात फिजिकल डिस्कच्या यादीतून तुमची डिस्क. खाली रीड-ओन्लीची खूण आधीच केलेली असते, ती तशीच ठेवा. स्क्रीनवर डावीकडे आकड्यांच्या जोड्या आणि उजवीकडे अक्षरं दिसतात. नीट पुसलेल्या डिस्कवर ०० ०० ०० च्या ओळींमागून ओळी असतात आणि उजवीकडे नुसते ठिपके. सुरुवातीलाच बघून खूश होऊ नका, साधं क्लीनसुद्धा सुरुवात साफ करतं. सरकपट्टी मध्यावर न्या, पाऊण डिस्कवर न्या, अगदी शेवटाला न्या. कुठेही वाचता येणारा शब्द दिसला तर पुन्हा पुसा. मग फोटोरेक पूर्ण डिस्कवर फिरवा. रिकाम्या हाताने परत आलं पाहिजे.

स्वैर आकड्यांनी पुसलेल्या डिस्कवर मात्र सगळीकडे गिचमीड दिसते आणि ती डोळ्यांनी तपासता येत नाही. शेवटची फेरी शून्यांची असावी ती याचसाठी.

एसएसडीवर ही तपासणी निम्मीच. राखीव जागा एचएक्सडीला दिसत नाही.

बंद पडलेली डिस्क

जी चालतच नाही ती पुसता येत नाही. पण ‘चालत नाही’ म्हणजे बहुधा सर्किट किंवा हेड गेलेलं असतं, तबकडी धडधाकट असते. २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान कोसळलं, त्यातली एक जळकी डिस्क अवशेषांत सापडली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तिच्यातला जवळजवळ ९९ टक्के डेटा परत मिळवला. डिस्कच्या डब्यावर दोन हातोडे मारून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

डबा उघडा. तारेच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात, मोठ्या डिस्कला साधारण टी८. एखादा स्क्रू स्टिकरखाली दडलेला असतो. तबकड्या बाहेर काढा. मोठ्या डिस्कच्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात, त्या पक्कडीने वाकवा आणि ड्रिलने चार-पाच ठिकाणी भोकं पाडा. लॅपटॉपच्या बरेचदा काचेच्या असतात. वाकवायला गेलात तर बारीक तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा चढवा, तबकडी जाड फडक्यात गुंडाळा आणि मग फोडा. एसएसडीत पट्टीवरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, नुसती पट्टी मोडून चिप शाबूत राहू शकते. डिगॉसर या डेटा पुसायच्या यंत्राचं जोरदार चुंबक फिरत्या डिस्कला कायमचं निकामी करतं, एसएसडीवर त्याचा उपयोग नाही. जाळू तर अजिबात नका.

ऑफिसवाल्यांसाठी

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या संस्थांना असला माल नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्त करून परत वापरात आणणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांच्याकडेच द्यावा लागतो. डेटाची जबाबदारी मात्र तुमच्याकडेच राहते. मॉर्गन स्टॅन्लीने डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या एका मालवाहतूक कंपनीला जुनी उपकरणं दिली. त्यातली काही ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात पोहोचली. २०२२ मध्ये अमेरिकन नियामकाने त्यांच्याकडून साडेतीन कोटी डॉलर दंड घेतला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणून साधी वही ठेवा: डिस्कचा सीरियल नंबर, कोणत्या पद्धतीने पुसली, कुणी पुसली, कुणी तपासली, कुठे गेली. भंगारवाला प्रमाणपत्र देत असेल तर त्यावर प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर मागा. ‘४० नग नष्ट केले’ एवढ्या कागदाला काडीची किंमत नाही. वॉरंटीत डिस्क बदलायला जाते तेव्हा जुनी बरेचदा परत मिळत नाही, ते आधीच विचारा. रुग्णांची किंवा ग्राहकांची माहिती उघडी असेल, तर नवी डिस्क स्वतः विकत घेणं स्वस्त पडतं.

कोरी केलेली डिस्क मशीनमध्ये परत बसवून विकायची असेल तर विंडोज नव्याने टाका. प्रोडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ हा पर्याय निवडा. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तीच आवृत्ती टाकलीत तर इंटरनेट मिळाल्यावर आपोआप चालू होतं. देश विचारणारी पहिली निळी स्क्रीन आली की पुढे जाऊ नका. पॉवरचं बटण दाबून मशीन बंद करा, नाव-गाव नवा मालक भरेल. आणि डीव्हीडी ड्राइव्ह एकदा उघडून बघा, आत सीडी राहिलेली असते.